सतरा नंबरचं नाव

१

गुरुवारी सकाळी कपाट उघडलं तेव्हा सोळा नंबरची फाईल होती, अठरा नंबरची होती, आणि मधली नव्हती.

सीमेवरच्या दप्तराचा प्रमुख मेजर तोकतोसुन याने कपाटात दोनदा हात घालून पाहिला, जणू फाईल लाजून मागे सरकली असावी. मग त्याने अनारकानला फोन लावला.

अनारकान तपासनीस होती. वय अठ्ठावन्न, गुडघे सत्तरीचे आणि जीभ पंचविशीची. चोन-केचूचं सगळं खोरं तिला एजे म्हणायचं, म्हणजे थोरली बहीण. नदीवरचा पूल, पुलापलीकडचा शेजारी देश आणि दोन्ही देशांमधला करार या तिन्ही गोष्टी तिला माहेरच्या ओसरीसारख्या पाठ होत्या. अकरा वर्षांपूर्वी तो करार लिहायला बसलेल्या सहा जणांमध्ये तीही होती.

"एजे, चोरी झालीय," मेजर म्हणाला, "आणि ही चोरी क्षुल्लक नाही." त्याने तिच्यापुढे एक कागद सरकवला. शेजारच्या देशाकडून आदल्या दुपारी आलेला मागणीचा कागद होता. 'एर्गेश, अब्दिलासचा मुलगा, वय चौतीस, कालव्यावरचा पाणीमोजणी कर्मचारी. दोन पॉप्लरांच्या घरात राहतो. शुक्रवारच्या बैठकीत ताब्यात द्यावा.'

अनारकानने चष्मा काढून कागद पुन्हा वाचला. पलीकडून पळून आलेल्यांची यादी दर शुक्रवारी पुलावर एकमेकांना द्यायची, हे करारात होतं. पण ज्याने आश्रयाचा अर्ज केला त्याचं नाव यादीत घालायचं नाही, हेही होतं. तो फक्त नंबर. धरणाला तडा गेलाय असं उघड बोलून दाखवल्याबद्दल एर्गेशवर तिकडे खटला उभा होता. इकडे पाच महिने तो सतरा नंबर होता. आता मात्र तिकडच्यांच्या हातात त्याचं नाव होतं.

"राजधानीतून फोन आला होता," मेजर म्हणाला. "आपल्या चुकीने नाव गेलं असेल तर अर्जाची पूर्ण सुनावणी होईपर्यंत तो इथेच राहील. त्याने स्वतःच घरी निरोप धाडला असेल, तर तो घराला घाबरत नाही असं धरायचं आणि उद्या दुपारी बाराला पुलावर पोचवायचा."

"आणि काहीच सिद्ध झालं नाही तर?"

"तर बाराच वाजणार," मेजर म्हणाला.

२

पहिला संशय नुरझातवर. कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडेच असायची. बिश्केकहून तीन वर्षांपूर्वी बदली होऊन आलेली ही मुलगी दिवसभर शिक्के मारी आणि नाकासमोर चाले. आज मात्र तिची पाचावर धारण बसली होती.

अनारकानने तिला फाईलबद्दल काहीच विचारलं नाही. चहा ओतून घेतला आणि कपाटाची वही मागवली. कोणती फाईल कधी बाहेर काढली, कधी परत ठेवली, ते तीत लिहिलेलं असे.

"बुधवारी सकाळी सतरा नंबरमध्ये डॉक्टरचा कागद लावलास?"

"हो, एजे."

"म्हणजे बुधवारी सकाळी फाईल होती." तिने मागणीचा कागद उलटा करून तारीख दाखवली. "हा कागद लिहिला सोमवारी. चोर बुधवारी आला आणि नाव सोमवारीच गेलं? असा चोर मी अजून पाहिला नाही बाई."

मेजरने कागद ओढून घेऊन तारीख स्वतः तपासली.

"नाव ज्याने नेलं त्याला फाईल लागली नाही," अनारकान म्हणाली. "आणि फाईल ज्याने नेली तो हा कागद आल्यावर घाबरला. नुरझात, पोरी, तुझ्या घरी रजयांची चळत केवढी आहे गं?"

नुरझातच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "फाईलच नसेल तर उद्या काय दाखवून पाठवतील त्याला, असं वाटलं मला. आईने लग्नासाठी शिवलेल्या रजयांमध्ये ठेवलीय."

"शाबास! दोन देशांचं सरकार तुझ्या रजईत झोपवलंस," मेजर ओरडला.

"ओरडू नकोस, तोकतोसुन. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची घाई का तुला?" अनारकान उठली. "फाईल आण, बाळ. आणि डोळे पूस. या दप्तरात कुणाला तरी दुसऱ्याची काळजी वाटते, एवढं तरी आज कळलं."

चोरी सुटली होती, पण एर्गेश सुटला नव्हता. घड्याळात साडेदहा वाजले होते, आणि नाव नेणारा अजून मोकळाच होता.

३

निर्वासितांचं घर गावाच्या टोकाला होतं. एर्गेश मागच्या खोलीत खिडकीशी बसून कुणाच्या तरी मुलाची वही तपासत होता. उंच, वाकलेला, नखं कुरतडलेली. सगळं ऐकल्यावर त्याने वही मिटली.

"मी कुणाला निरोप धाडला नाही, एजे. धाडता आला असता तर पहिल्या आठवड्यातच धाडला असता. धाडला नाही म्हणून तर झोप येत नाही."

"फोन?"

"आमच्या गल्लीत फोन वाजला तरी चौघांना ऐकू जातो. आई, बाबा, बहीण, कुणालाच माहीत नाही मी कुठे आहे." तो तिच्याकडे वळला. "एक विचारू? उन्हाळ्यात कुणी तिकडे जाणार असेल तर बाबांसाठी दम्याचं औषध पाठवता येईल का? माझं नाव न सांगता. धूळ उडायला लागली की त्यांना फार त्रास होतो."

"बघू," ती म्हणाली. मग बाहेर पाहत तिने सहज विचारलं, "हे दोन पॉप्लरांचं घर कोण म्हणतं रे?"

"दोन? खिडकीतून एकच दिसतो. दुसरा आहे का?"

दुसरा आठ वर्षांपूर्वीच्या वाऱ्यात पडला होता. त्याचा बुंधाही लोकांनी जाळून संपवला. नुरझातने दुसरं झाड कधी पाहिलंच नव्हतं. मेजर दूरच्या नारिन शहरचा, चार वर्षांपूर्वी आलेला. एर्गेशने तर आत्ताच एक मोजलं. या घराला अजूनही दोन पॉप्लरांचं घर म्हणणारा माणूस गावातला जुना असणार. आणि दप्तर व घर धरून जुनी माणसं दोनच होती. एक ती स्वतः.

दुसरी स्वयंपाकघरात कणीक तिंबत होती. उल्कान आपा. वय पंच्याहत्तर, या घराची स्वयंपाकीण. येणाऱ्या प्रत्येकाला आधी खायला घालायचं आणि मग नंबर विचारायचा, ही तिची रीत.

"ये गं पोरी. वाळलीस. सरकार उपाशी ठेवतं का तुला?"

"सरकार नाही, गुडघे ठेवतात. जिना चढून जेवायला जावं लागतं." अनारकान बाकावर टेकली. "आपा, एर्गेशचं नाव पलीकडे गेलंय. तू कुणाशी बोललीस?"

"मी?" आपाने कानावर हात ठेवले, कणकेसकट. "माझं तोंड म्हणजे शिवलेलं पोतं."

हे मात्र अनारकानने मनावर घेतलं नाही. तिचं लक्ष शेजारच्या दुसऱ्या परातीकडे होतं. भिजवलेल्या कणकेवर आपाने कापड टाकलं होतं. नवं कोरं, निळ्या फुलांचं, हातभर लांब. त्याच्या कडा कापलेल्या नव्हत्या, फाडलेल्या होत्या.

या खोऱ्यात नवं कापड कुणी उगाच फाडत नाही. पिकल्या वयाचं माणूस गेलं की घरातल्या बायका ताग्यातून पट्टे फाडून मयताला आलेल्यांना वाटतात. त्याचं दीर्घायुष्य आपल्यालाही लाभो म्हणून लोक ते घरी नेतात. तरुण गेला तर वाटत नाहीत. म्हणजे कुणी तरी म्हातारं गेलं होतं. पण चोन-केचूत गेल्या दोन महिन्यांत एकही म्हातारं माणूस गेलं नव्हतं.

अनारकानने कापडाची फाटकी कड बोटाने चाचपली. चहाही न घेता ती उठली, आणि तेवढ्यानेच आपाचे हात कणकेत थांबले.

४

पुलाच्या मधोमध एक पांढरी रेघ आहे. रेघेच्या पलीकडे कॅप्टन बोतिर सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा होता. दोघांची ओळख नऊ वर्षांची, भांडणं त्याहून जास्त.

"या, एजे. रेघ ओलांडू नका, नाहीतर तुमचंही नाव यादीत घालावं लागेल."

"घाल. तुमच्याकडे पोलाव बरा मिळतो म्हणे. बोतिर, सतरा नंबरचं नाव तुला कुणी दिलं?"

"आमची माणसं सगळीकडे असतात."

"तुझ्या माणसांना मी ओळखते. गेल्या वर्षी त्यांनी आमच्या गुराख्याला हेर म्हणून पकडलं आणि गुरं परत करायला विसरले."

बोतिर हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. त्याने बियांची टरफलं मुठीत गोळा केली. "खरं सांगू? आम्ही शोधलंच नव्हतं. पाच महिन्यांत माझ्या टेबलावरून त्याचा कागद खालच्या खणात गेला होता. तिथेच राहिला असता तर मला आनंद झाला असता. धरणाला तडा आहे हे माझी सासूही म्हणते."

"मग?"

"मग सोमवारी तुमच्याकडचा कागद आला. तुमच्याच शिक्क्याने. माझ्या साहेबाने तो माझ्या आधी वाचला." त्याने मान वळवली. "एजे, आम्ही चोरलं नाही. तुम्हीच आणून दिलंत."

५

पुलाच्या फाटकाशी पहारेकऱ्याची खोली आहे. तिथे एक जाड वही असते. पासपोर्ट, व्हिसा काही नको. पलीकडे कुणाचं मयत असेल तर खोऱ्यातल्या माणसाने यावं, कुणाचं मयत आणि आपलं काय नातं ते सांगावं, आणि एका दिवसासाठी जावं. अनारकानने ती उघडून उल्कानचं नाव शोधलं.

गेल्या शनिवारची नोंद. पहारेकऱ्याने सांगितलं तसंच उतरवलं होतं: 'उल्कान, स्वयंपाकीण. मयत: अब्दिलास. नातं: स्वतःचं नाही. मयताचा मुलगा एर्गेश दोन पॉप्लरांच्या घरात आहे, त्याला येता येत नाही, म्हणून त्याच्या जागी.'

आणि पानाच्या तळाशी शिक्का. कलम नऊप्रमाणे नक्कल सोमवारी पलीकडे दिली.

कलम नऊ. तिला ती बैठक जशीच्या तशी आठवली. मयताला माणसं सोडायला पलीकडचे तयारच होईनात. कोण आलं, कशाला आलं, आम्हाला कळायला नको? तेव्हा अनारकाननेच तोडगा काढला होता. नातं लिहून घेऊ, आणि दर सोमवारी त्याची यादी एकमेकांना देऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अकरा वर्षांत त्या कलमावर हजारो माणसं नदी ओलांडून रडून आली. आयुष्यात आपण एवढं एक काम बरं केलं, असं ती स्वतःशी म्हणत असे. आश्रयाच्या फाईलला तिने सात कुलपं लावली होती, आणि शेजारचा दरवाजा स्वतःच्या हाताने सताड उघडा ठेवला होता.

ती स्वयंपाकघरात परतली तेव्हा आपा चुलीशी नुसतीच बसली होती.

"बाजारात बायका बोलत होत्या," आपा आपणहून म्हणाली. "धरणवाल्याचा बाप गेला म्हणून. मी ऐकलं आणि निघाले. पोराला सांगितलं नाही. अशी बातमी परातीवरून देतात का?"

"अगं, पण तू कोण त्याची? का गेलीस?"

"बापाच्या दारात मुलगा काठी टेकून उभा नसला की येणारा प्रत्येक जण विचारतो, मुलगा कुठाय? त्याची आई आत बसून ते ऐकत होती. कुणी तरी तिच्या कानात सांगायला नको, की बाई, जिवंत आहे तो, जेवतोय, अंगावर लोकरीचा सदरा आहे?"

"फाटकावर काहीही नातं सांगायचं होतंस! चुलत दीर, मानलेला भाऊ. तो पोरगा काय तपासायला येणार होता?"

आपाने तिच्याकडे असं पाहिलं, की अनारकानला आपण आठ वर्षांच्या आहोत असं वाटलं.

"मी जिवंत माणसांशी रोज खोटं बोलते. शिळ्या मटणाला ताजं म्हणते. पण मयताला निघाल्यावर नातं खोटं सांगायचं? तू सांगशील?"

अनारकान बाकावर टेकली. तिने सांगितलं नसतं. खोऱ्यात कुणीच सांगितलं नसतं, आणि कलम लिहिताना तिने त्याच खरेपणावर भिस्त ठेवली होती.

"मी मारलं का गं पोराला?" आपाने विचारलं.

"तू नाही," अनारकान म्हणाली. "मी."

६

आता कोडं सुटलं होतं. पण राजधानीला कोडं नको होतं, पुरावा हवा होता. एर्गेशनेच म्हातारीला धाडलं नाही कशावरून, असं ते विचारणार, हे मेजरने आधीच सांगून टाकलं.

"त्याला माहीतच नव्हतं," अनारकान म्हणाली. "आज सकाळीच तो माझ्याकडे बापासाठी दम्याचं औषध मागत होता. बाप जिवंत आहे असं समजणारा माणूस बापाच्या मयताला कुणाला कसा धाडेल?"

"हे तुम्ही ऐकलंत. कागदावर कुठाय?"

कागदावर आणायचा एकच मार्ग होता. साक्षीदारांसमोर त्याला ती बातमी सांगायची आणि तो पहिल्यांदाच ऐकतोय हे लिहून घ्यायचं. अनारकानला स्वतःची किळस आली. पण बाराला पूल होता.

शुक्रवारी सकाळी आठला ते चौघं त्याच्या खोलीत गेले. मशिदीतले म्हातारे मोल्दो म्हणजे मौलवी, अनारकान, उल्कान आपा आणि मेजर. मेजरने टोपी काढून काखेत धरली होती. अशी बातमी एकट्याने सांगत नाहीत, लांबून विषय काढतात, आणि ऐकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसतात. मोल्दोंनी यंदाच्या थंडीवरून सुरुवात केली.

एर्गेशने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तोही याच मातीतला होता. सकाळच्या पारी चौघं एकदम कशाला येतात हे त्याला सांगावं लागलं नाही.

"कोण?" त्याने विचारलं. "आई की बाबा?"

मोल्दोंनी सांगितलं. मेजरने त्याचा डावा दंड धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. उल्कान आपाने निळ्या फुलांचा पट्टा त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या बापाला कुणी अंघोळ घातली, कुणी खांदा दिला, आई काय म्हणाली, सगळं सांगितलं. तो तोंडावर पट्टा धरून बापाला हाका मारत राहिला. दाराशी उभी असलेली नुरझात रडत रडत लिहीत होती: वेळ आठ वाजून दहा मिनिटं, साक्षीदार चार. माणसाच्या रडण्याला साक्षीदार लावायची पाळी अनारकानवर यापूर्वी कधी आली नव्हती.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. "माझ्या जागी तू उभी राहिलीस, आपा?"

"काठी टेकून नाही रे. मी बाई. आत बसून रडले. पण तुझ्या नावाने रडले."

त्याने तिचा हात कपाळाला लावला. राग कुणावरच केला नाही. तो केला असता तर अनारकानला जास्त बरं वाटलं असतं.

बाराला पुलावर तिने आपला अहवाल वाचून दाखवला. नाव आमच्या बाजूने, आमच्या शिक्क्याने गेलं. कारण कलम नऊ. कलम लिहिणारी मी. एर्गेश राहिला. कॅप्टन बोतिरने मागणीचा कागद घडी करून खिशात घातला.

तिने अहवालात शेवटी एक ओळ जोडली होती: मयताला माणसं जाऊ द्यावीत, फक्त यादी देणं बंद करावं. पलीकडचे म्हणाले, यादी नाही तर माणूस नाही. इकडचे म्हणाले, यादी देता येणार नाही. एरवी धरणाच्या पाण्यावरून महिनोन्महिने भांडणाऱ्या दोन राजधान्यांचं या एका गोष्टीवर दीड दिवसात एकमत झालं. कलम नऊ रद्द.

७

दहा दिवसांनी अनारकान फाटकावर गेली ती वह्या ताब्यात घ्यायला. तिथे कमरेला शोकाचा शेला बांधलेला, हातात काठी घेतलेला पन्नाशीचा एक माणूस उभा होता. खालच्या वस्तीतला, घोडे पाळणारा. नाव झानिबेक. पलीकडे त्याची आई गेली होती. पुलावरून तिचं घर दिसत होतं. अंगणात माणसं जमलेली दिसत होती.

पहारेकरी हात जोडून सांगत होता, "दादा, माझ्या हातात असतं तर मी उघडलं नसतं का? वरून हुकूम आहे."

"कुणाचा?" झानिबेकने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच कुणाचा ते त्याला जाणून घ्यायचं होतं.

पहारेकऱ्याने खाली पाहिलं. अनारकान पुढे झाली. राजधानीचं नाव सांगता आलं असतं, बोतिरच्या साहेबाचं सांगता आलं असतं. एका माणसाचा जीव वाचवायचा होता, हेही सांगता आलं असतं, आणि ते खरंच होतं.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

झानिबेकने तिच्याकडे पाहिलं. मग फाटक सोडून तो उताराने नदीकडे गेला आणि पाण्याच्या कडेला, पलीकडच्या अंगणाकडे तोंड करून, काठी टेकून उभा राहिला. त्याने आईला पहिली हाक मारली. नदी मोठी होती, आवाज पोचला की नाही कळलं नाही. तो थांबला आणि मागे वळला.

"एजे, तिथे का उभ्या राहिलात? इकडे या. एकट्याने रडायचं नसतं."

अनारकानचे गुडघे त्या उताराला नको म्हणत होते. तरी ती दगडांवरून हळूहळू खाली उतरली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.